साडेसातशे वर दोन

अलिबागजवळच्या कनकेश्वराच्या डोंगराला पायऱ्या किती, यावरून आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून भांडण चालू आहे. बाबा म्हणतात सातशेच्या वर थोड्या. मोठे काका होते तोवर छातीठोकपणे साडेसहाशे सांगायचे, आणि ते उभ्या आयुष्यात एकदाच वर गेले होते, तेही लग्नाआधी. आजीचा आकडा मात्र पक्का. साडेसातशे वर दोन. सातशे बावन्न असं ती कधीच म्हणाली नाही, कायम "साडेसातशे वर दोन", आणि त्या शेवटच्या दोनावर असा काही जोर द्यायची की समोरच्याने पुढे बोलूच नये. आजी जाऊन आता अकरा वर्षं झाली तरी गणपतीत सगळे जमले की विषय निघतोच आणि आत्या लगेच आईची बाजू घेऊन उभी राहते.

या वेळी म्हटलं जाऊ दे, एकदाचं मोजून टाकू. जानेवारीतला पहिला रविवार, ताईची मुलगी ठाण्याहून आलेली, वय वर्षं नऊ, हातात वही आणि दोन रंगांची पेनं. बाबा तयारच होते, त्यांना कनकेश्वर म्हटलं की झोपेतून उठवलंत तरी चालतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अलिबागहून रेवस रोडला लागायचं, चोंढी करत कनकेश्वर फाटा येतो, तिथून आत मापगाव, आणि मापगावातून पायऱ्या चालू. अलिबागपासून बारा-तेरा किलोमीटर. मुंबईकर असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो घ्या (मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊन लागलं, काय मुहूर्त होता), मांडव्यावरून रिक्षा आहेतच. आमच्यासारखे पनवेलहून येणारे वडखळ-अलिबाग रस्त्याने येतात आणि त्या रस्त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही कारण मग डोंगर बाजूलाच राहील.

डोंगर म्हणाल तर छोटाच. हजार-बाराशे फुटांच्या घरातला. ऑफिसात एक ट्रेकवाला आहे, दर शनिवारी सह्याद्रीत, त्याला सोमवारी सांगितलं कनकेश्वर करून आलो तर म्हणाला तो काय ट्रेक आहे का, ते देवदर्शन. मला राग नाही आला पण एक गोष्ट त्याला सांगायची राहिली ती इथे लिहितो. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच, मान्यच आहे. पण बारी गावात गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही चांगल्यापैकी उंचीवर असता, घाटाने ते काम आधीच करून ठेवलेलं असतं. कोकणातल्या डोंगराचं तसं नसतं. इथे पायथा म्हणजे जवळपास समुद्राची पातळी. भात कापलेलं खाचर, त्याच्या बांधावरून चालत गेलं तर किहीमचा समुद्र, आणि मागे वळलं की एकदम हा उभा. जेवढी उंची लिहिलेली तेवढी सगळी तुमच्याच पायांनी चढायची, वर जानेवारीतसुद्धा नऊ वाजले की घामाची आंघोळ.

आणि छोटा असला तरी तो दिसतो कुठून कुठून. शाळेत माझ्या बाकावर थळचा एक मित्र होता, घरची बोट. त्याचे बाबा सांगायचे की रात्रीची मासेमारी करून पहाटे परत येताना सगळ्यात आधी किनारा दिसत नाही, किनारा सपाट, तो काय दिसणार. आधी दिसतो तो कनकेश्वर. तो कुठल्या अंगाला आहे आणि सागरगड कुठल्या अंगाला, या दोघांची जुळवणी बघून मग सुकाणू धरायचं. आता प्रत्येक बोटीवर जीपीएस आहे पण त्याचे बाबा अजून म्हणतात, मशीन बंद पडतं, डोंगर बंद पडत नाही.

तर पायऱ्या. सात वाजता मापगावात गाडी लावली आणि पहिल्या पायरीलाच घोळ. पहिली पायरी कुठली? खाली आधी फरसबंदीसारखा चढ आहे, त्यात मध्येच एखादा दगड उंच, ती पायरी धरायची की रस्ता? भाची म्हणाली ज्याच्यावर पाय उचलून ठेवावा लागतो ती पायरी. व्याख्या चांगली होती पण तिची उंची आणि माझी उंची वेगळी, तिला जिथे पाय उचलावा लागतो तिथे मी नुसताच चालतो. म्हणजे दहा पावलांत आमचे दोन आकडे झाले. बाबा शांतपणे पुढे गेले. ते म्हणाले मी उतरताना मोजीन, चढताना मी श्वास मोजतो.

या पायऱ्या १७६४ सालच्या. राघोजी आंग्र्यांच्या दिवाणाने बांधून घेतल्या. म्हणजे पानिपताला तीन वर्षं झालेली, तिकडे माधवराव पेशवे घडी बसवतायत आणि इकडे एक माणूस कोकणातल्या एका छोट्या डोंगराला दगडी पायऱ्या घालतोय. मला याचं नेहमी नवल वाटतं. सगळा काळा दगड, ज्याला आपण बेसॉल्ट म्हणतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि अडीचशे वर्षांत नुसत्या पायांनी त्याच्या मधोमध पन्हाळ पडलेत. खरंच बघा कधी गेलात तर, वाकून बघा. पायरीची दोन्ही टोकं खडबडीत, छिन्नीच्या खुणा अजून हाताला लागतात, आणि मध्ये जिथे सगळे पाय ठेवतात तिथे बशीसारखा गुळगुळीत खड्डा, त्यात पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलेलं आणि आता जानेवारीत ते सुकून हिरव्याची काळी खपली झालेली. त्याच खड्ड्यात बरोब्बर माझा पाय बसला. आजीचाही तिथेच बसला असणार, कारण दुसरीकडे ठेवायला गेलं तर तोल जातो.

बरं सगळ्या पायऱ्या जुन्या राहिलेल्या नाहीत. मध्ये मध्ये सिमेंटने डागडुजी केली आहे आणि ती करणाऱ्याने काही ठिकाणी दोन पायऱ्यांची एक करून टाकली आहे तर एके ठिकाणी एकीच्या दोन. कोणी केलं, कधी केलं, माहीत नाही, हेतू चांगलाच असेल, पण मोजणाऱ्याची वाट लावली. एका जागी झाडाच्या मुळीने पायरी उचलून तिरकी केली आहे, ती आता अर्धी पायरी अर्धी घसरगुंडी. भाचीने वहीत ती "साडे" म्हणून लिहिली.

पहिला मोठा दम लागतो नागोबाच्या टप्प्याला. टप्पा म्हणजे सपाटी, बसायला जागा. इथे बाबांनी खिशातून खडीसाखर काढली, प्रत्येकी दोन खडे, जसे आमच्या लहानपणी आजी काढायची तसेच. खाली मागे वळून बघितलं तर धुकं अजून झाडांच्या शेंड्यांवर, नारळ नुसते डोकी काढून उभे, समुद्र दिसत नव्हता पण आहे हे कळत होतं. माझ्या फोनमधलं मोजायचं ॲप तोवर दोनदा बंद पडलं होतं कारण मध्ये ऑफिसचा फोन आला, रविवारी, सकाळी पावणेआठला. त्यात मी एकशे ब्याऐंशी होतो की दोनशे ब्याऐंशी हेच विसरलो. भाचीच्या वहीवरून कॉपी केली. (हे तिने वहीत लिहून ठेवलंय, "मामाने कॉपी केली".)

पुढे देवाची पायरी लागते. त्या पायरीवर हळदकुंकू वाहिलेलं, फुलं, उदबत्तीची राख. लोक नमस्कार करून पुढे जातात. भाची थांबली आणि म्हणाली, आजोबा, ही मोजायची का? ही देवाची आहे ना, आपली नाही.

बाबांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. तिने स्वतःच दुसऱ्या रंगाच्या पेनाने एक वेगळी रेघ मारली.

गायमंडीच्या अलीकडे मागून एक माणूस आला, खांद्यावर गॅसचा सिलिंडर. भरलेला. खांद्यावर फडक्याची चुंबळ, पायात स्लिपर, आणि चढतोय असा की जणू दुकानात निघालाय. वर वस्ती आहे, पुजाऱ्यांची घरं आहेत, यात्रेकरूंना चहा-जेवण करून देणारे आहेत, त्यांचं सगळं सामान हे असंच जातं, डोक्यावर नाहीतर खांद्यावर. पीठ, तेल, साखर, सरबताच्या बाटल्या. तेव्हा वर कोणी लिंबू सरबताचे खालच्यापेक्षा जास्त पैसे मागितले तर कृपा करून घासाघीस करू नका. मी कडेला होऊन त्याला वाट दिली आणि विचारलं, दादा पायऱ्या किती हो एकूण? तो न थांबता म्हणाला, "पायऱ्या कोन मोजतो. दोन विड्या लागतात." आणि गेला.

बाबा म्हणाले याचा हिशेब बरोबर आहे.

पालेश्वराला पाला वाहायचा. फुलं, बेल, नारळ काही लागत नाही, वाटेत हाताला येईल तो पाला. मला लहानपणापासून हा देव जास्त आवडतो, काही मागत नाही बिचारा. भाचीने चार वेगवेगळ्या झाडांची चार पानं आणली, एक माझ्या वतीनेही, कारण मी तेव्हा गुडघा धरून बसलो होतो. नवीन शूज घालून डोंगर चढायला जाऊ नये हे मला चाळिशीत परत एकदा कळलं.

झाडी इथे अजून दाट आहे, पण आधी होती तशी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अलिबाग-मुरुड-श्रीवर्धन या सगळ्या पट्ट्याचं काय झालं ते टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही, आमच्या वाडीतल्या नारळी-पोफळी काड्यांसारख्या पडल्या होत्या. या वाटेवरही आडवी झालेली मोठी झाडं बाबांनी तेव्हा पाहिली होती. एका ठिकाणी ते थांबतात आणि म्हणतात इथे आंबा होता. तिथे आता ऊन आहे. दरवेळी थांबतात, दरवेळी तेच वाक्य.

साडेनऊला वर. वर गेल्यावर पहिली दिसते ती पुष्करणी, मोठी, चारही अंगांनी दगडात बांधलेली. एवढ्या उंचीवर पाणी कसं याचं उत्तर मला भूगोलाच्या सरांनी दिलं होतं, लाव्ह्याचे थर एकावर एक, मधल्या सच्छिद्र थरातून पावसाचं पाणी झिरपत राहतं आणि खालचा घट्ट थर आला की अडतं. आजीचं उत्तर वेगळं होतं, देवाला आंघोळीला लागतं म्हणून. इथे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर सहज पडतो, त्यामुळे दोघांचंही बरोबर असायला हरकत नाही.

देऊळ जुनं, शंकराचं. कनकासुर नावाच्या दैत्याने तप केलं, शंकर प्रसन्न झाला आणि त्याच्याच नावाने इथे राहिला अशी कथा. मला या गोष्टीत गंमत वाटते ती ही की डोंगराला नाव शेवटी दैत्याचं मिळालं. गाभाऱ्यात बाहेरच्या उजेडातून गेलं की दोन मिनिटं काही दिसत नाही, नुसता गार दगड पायाला लागतो आणि ओल्या बेलाचा वास, मग हळूहळू समईची ज्योत दिसायला लागते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आज आम्ही तिघं आणि एक म्हातारं जोडपं. बाजूला गणपतीचं देऊळ आहे, रामसिद्धिविनायक, लंबोदरानंद स्वामींचं स्थान, तिथे अगदी शांत. बाबा तिथे अर्धा तास बसले. मी आणि भाची सरबत प्यायला गेलो, तिथेच तो सिलिंडरवाला भेटला, पेटवून बसला होता. विडी दुसरी का तिसरी ते विचारायचं राहिलं.

मग कडेला. आता इथे जरा सावकाश लिहितो कारण मी खरं तर यासाठीच जातो.

पश्चिमेला समुद्र आणि त्यात दोन बेटं, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, बंदराच्या तोंडातच किल्ला. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी तिथे पाय रोवून त्यांच्या जहाजांना दाद दिली नाही. मग पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तटबंदी घातली, म्हणजे दोन शेजारी आणि मध्ये हाकेच्या अंतराएवढं पाणी आणि दोघांच्या तोफा एकमेकांवर. खांदेरीवरचं दीपगृह १८६७ चं. आणि आता २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, पण अलिबागच्या समोरचा आमचा कुलाबा नाही. सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे, कुलाबा नाही. कान्होजी आंग्र्यांची सगळी कारकीर्द ज्याच्याभोवती, ज्यांची समाधी अलिबाग गावात, तो नाही. असो. खांदेरी झाली याचा आनंद आहेच पण मनात थोडं खुपतं.

भाचीने विचारलं मुंबई कुठे. मी रुबाबात फोनचा कंपास काढला आणि त्याने उत्तर दाखवली ती साधारण पोयनाडकडे. फिरवून बघितला, आठचा आकडा काढून बघितला, तरी तेच. आता फोन बिघडलेला की बेसॉल्टमधल्या लोहाची करामत देव जाणे, बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं हे मात्र खरं. यावरून बाबांनी तिला वेधशाळेची गोष्ट सांगितली. अलिबागला समुद्राजवळ जी चुंबकीय वेधशाळा आहे ती १९०४ पासूनची. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, पण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी नाजूक यंत्रं बिघडणार, म्हणून सगळं उचलून अलिबागला आणलं. इमारतसुद्धा लोखंड टाळून बांधली. म्हणजे एकेकाळी शांतता हवी म्हणून मुंबईतून यंत्रं अलिबागला आली. आता त्याच कारणाने माणसं येतायत.

ती माणसं कुठे राहतात ते वरून छान दिसतं. मी शाळेत असताना इथून खाली बघितलं की हिरवं, त्यात कौलांचे तांबडे ठिपके, आणि विहिरींचे काळे गोल. आता निळे चौकोन. भाचीला पायऱ्यांचा कंटाळा आला होता, तिने स्विमिंग पूल मोजायला घेतले. एकतीसपर्यंत गेली आणि मग झाडीआडचा धरायचा की नाही यावर थांबली. विहिरी मोज म्हटलं तर तिला दोन सापडल्या. त्यातला एक चौकोन आधी आमचाच होता, म्हणजे आमच्या चुलत घराने विकलेल्या वाडीतला, तो मी तिला दाखवला नाही.

दुसऱ्या अंगाला, पूर्वेला गेलं की वेगळाच देश. खारेपाट. धरमतरच्या खाडीपर्यंत सपाट, झाड नाही, नुसती भातखाचरं आणि बांध, सकाळच्या उन्हात आरशाच्या काचा पसरल्यासारखी पाण्याची तळी. आजोळ तिकडचं असल्यामुळे मला ते जास्त ओळखीचं. या शेतांची सगळी भिस्त खाडीच्या बांधावर. मोठ्या उधाणाला बांध फुटला, म्हणजे तिकडच्या भाषेत खांड गेली, की खारं पाणी आत आणि पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचं. आधी गावातली माणसं मिळून बांध घालायची, एकाने यायचं टाळलं तर त्याचं गावात नाव निघायचं. आता सगळे कामाला बाहेर, बांध सरकारने घालावा म्हणून बसलेत, आणि ज्या शेतांत मामाने भात लावलेलं मी बघितलंय तिथे कांदळवन वाढलंय. तळ्यांत जिताडा मासा मात्र आहे. जावयाला जिताडा घातल्याशिवाय खारेपाटातून कोणी परत पाठवत नाही.

त्याच बाजूला पुढे चरी. १९३३ ते १९३९, सहा वर्षं, शेतकऱ्यांनी खोतांची शेतं कसायचीच नाहीत असं ठरवलं आणि ठरवलं ते पाळलं. नारायण नागू पाटलांनी उभा केलेला संप, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी. सहा वर्षं शेतकऱ्याने स्वतः भात लावायचं नाही म्हणजे काय ते विचार करा. माझी पणजी तेव्हा डोंगरातून लाकडं तोडून मोळ्या विकायची असं घरात सांगतात. ते डोंगर म्हणजे हेच की पलीकडचे हे कुणाला विचारायचं राहून गेलं.

बाबा म्हणाले हवा स्वच्छ असती तर कर्नाळ्याचा अंगठा दिसला असता. नव्हता दिसत. दक्षिणेला सागरगड मात्र दिसला, निळसर, बोटीवरून दिसत असेल तसाच.

उतरताना बाबा मोजत होते त्यामुळे कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. ते पाळणं माझ्याइतकंच भाचीला कठीण गेलं. वानरांची एक टोळी वाटेत बसली होती आणि त्यातल्या एका पिल्लाने कुणीतरी टाकलेली कोल्ड्रिंकची बाटली तोंडाला लावलेली, झाकण उघडायला जमत नव्हतं त्याला, फिरवून फिरवून चावत होतं. मी बाटली घ्यायला हात पुढे केला तर आईने असे दात दाखवले की मी तीन पायऱ्या एकदम मागे. त्या तीन मोजल्या का, असं बाबांना विचारलं तर ते माझ्याकडे बघूनच राहिले. वाटेतला प्लास्टिकचा कचरा मात्र आम्ही एक पिशवीभर गोळा करून आणला, खाली कचराकुंडी शोधली तर ती आधीच ओसंडत होती, म्हणून डिकीत टाकून घरी.

पायथ्याशी एका जुन्या विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीची मागच्या पावसाळ्यातली घरटी लोंबत होती, सुकलेली, वाऱ्यावर झुलत. भाचीला किहीमच्या सलीम अलींची गोष्ट सांगितली. १९३० साली नोकरी नव्हती हातात, किहीमच्या घरी येऊन राहिले आणि समोर सुगरण पक्षी घरटी बांधत होते ते रोज बसून बघितले, नुसते बघितले, आणि त्यातून नराची एकापेक्षा जास्त घरटी आणि एकापेक्षा जास्त माद्या हे सगळं त्यांनी लिहून काढलं. भाची म्हणाली म्हणजे तेही मोजतच होते. हो म्हटलं.

घरी आल्यावर आकडे मांडले. माझे ६९४, त्यात कॉपी केलेले धरून. भाचीचे ७३१, एक साडे आणि देवाची एक वेगळी. बाबांचे ७१८. म्हणजे आजीचे साडेसातशे वर दोन कुणाच्याच जवळपास नाहीत. आत्या भडकली. म्हणाली तुम्ही बोटांवर मोजणारे, आईने दाणे ठेवून मोजलेत.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, मीच लिहायची विसरलो. बाबांना लहानपणी विषमज्वर झाला होता, त्यातून उठल्यावर आजीने नवस फेडला. प्रत्येक पायरीला हळदकुंकू आणि एक वालाचा दाणा. घरून आठशे दाणे मोजून पुरचुंडीत बांधले, वर पोचल्यावर उरले अठ्ठेचाळीस. आठशेतून अठ्ठेचाळीस गेले की साडेसातशे वर दोन. पुरावा म्हणजे पुरावा.

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. जानेवारीत गावाला जाऊन पोपटी नाही म्हणजे पाप. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये चिकनचे तुकडे केळीच्या पानात गुंडाळून, अंडी, बटाटे, परत शेंगा, आणि तोंडाला परत पाला घट्ट. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र करून तिथल्या तिथे उडालं की उतरवायचं. ते तोंड उघडल्यावर भांबुर्ड्याचा जो वास येतो तो मी लिहून सांगू शकत नाही, या आणि खा.

सगळे शेकोटीभोवती बसून शेंगा सोलत होते. भाची सोललेल्या शेंगेतले दाणे मोजत होती, बाबा ७१८ वर ठाम होते. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग शेंग सोलता सोलताच म्हणाली,

"पुरचुंडी माझ्याकडे होती."

बाबांनी वर बघितलं.

"तेव्हा मी सहा वर्षांची. आई कुंकू लावायची आणि मी दाणा ठेवायचे. गायमंडीला वानरं आली रे. मी घाबरले."

"मग?"

"मग काय. मारले दाणे त्यांना. मूठ भरून."

कोणीच काही बोललं नाही. आग चटचट करत होती.

"किती मारलेस?" बाबांनी विचारलं.

"मोजले कुणी," आत्या म्हणाली, आणि सोललेली शेंग भाचीच्या ताटात टाकली.